विटेखालची फांदी

सुनेला घरात सगळे ‘कात्री’ म्हणत. नाव सासूबाईंनीच ठेवलेलं. एक तर ती केस कापायच्या दुकानात कामाला होती, आणि दुसरं म्हणजे तिची जीभही काही बोथट नव्हती. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाई थोडे दिवस लेकीकडे राहायला गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “सेजला पाणी घालत बसू नकोस. ते आपलं आपण जगतं.”

मागच्या दाराशी असलेलं सेजचं झुडूप म्हणजे सासूबाईंचा जीव की प्राण. ढोपराएवढं उंच, पानं राखाडी हिरवी, हाताला मखमली आणि चुरडली की कापरासारखा कडक वास. घसा धरला की त्याचा काढा. जेवायला उकडलेले बटाटे असले की वर लोण्यात कुरकुरीत तळलेली चार पानं. लोकरीच्या कपड्यांत वाळलेली जुडी, कसर लागू नये म्हणून. आणि केस धुवायला त्याचंच उकळलेलं पाणी, त्यानं म्हणे पांढरे कमी दिसतात. पांढरे लपवण्यावरच पोट असलेली सून हे ऐकून गालातल्या गालात हसायची. काढा मात्र गुपचूप प्यायची.

आता खरी गोष्ट. कात्रीनं आणि तिच्या नवऱ्यानं वेगळी जागा ठरवून ठेवली होती, आणि सासूबाईंना अजून सांगितलं नव्हतं. भांडण वगैरे काही नाही. दुकान इथून लांब पडायचं, आणि दोघांना आपलं दोघांचं घर हवं होतं, बस. नवरा विजेच्या तारा जोडायचा. उंच शिडीवर बिनधास्त चढणारा गडी, पण आईसमोर त्याची दातखीळ बसायची. “आई बरी होऊन येऊ दे, मग सांगू,” हे त्याचं पालुपद. म्हणजे सांगणार कोण, ते उघडच होतं.

अशा वेळी माणूस आधीपासून थोडा चांगुलपणा गाठीला बांधून ठेवतं. कात्रीनं कपाटं पुसली, पडदे धुतले, आणि एका सुट्टीच्या सकाळी ती सेजकडे वळली. झुडूप पार अस्ताव्यस्त झालं होतं, खाली नुसती काटकुळी लाकडं आणि वर पानांचा पसारा. दुकानात ती रोज गिऱ्हाइकांना सांगायची, टोकं कुरतडून काय होतंय, चांगले आखूड करा, बघा कसे दाट येतात. केसांच्या बाबतीतही हे तितकंसं खरं नाही, पण गिऱ्हाईक खूश होतं. रोज बोलून बोलून तिचाही त्यावर विश्वास बसला होता. तिनं मोठी कात्री घेतली आणि झुडूप थेट तपकिरी खुंटांपर्यंत उतरवलं.

भिंतीकडच्या बाजूला गवत माजलं होतं. तिथं तिच्या पायाचा अंगठा एका विटेवर आपटला. “काय मेलं कुठेही ठेवतात!” म्हणून तिनं ती बाजू तशीच सोडली, पानांच्या जुड्या बांधल्या आणि स्वयंपाकघरात टांगल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा तिला वाटलं, काय झकास काम झालं.

खुंट काही फुटले नाहीत. ती रोज सकाळी दात घासत मागच्या दारात जाऊन बघायची. नवरा म्हणायचा, “येतील गं कोंब.” मग तिनं न राहवून पाणी घातलं, तेही भरपूर, आणि खुंट आणखी काळे पडले. आता सासूबाईंना दोन गोष्टी सांगायच्या होत्या, आणि दोन्हींचा अर्थ त्या एकच लावणार, याची तिला मनातून खात्री होती. जाता जाता माझं झाडसुद्धा मारून गेली म्हणतील.

सासूबाई आल्या त्या काठी टेकत, आणि चहाही न घेता सरळ मागच्या दाराशी. उंबऱ्यात उभ्या राहिल्या. नवरा पिशव्या ठेवायच्या निमित्तानं आत पसार झाला.

“मी कापलं,” कात्री म्हणाली. “दाट येईल वाटलं. चुकलं माझं, आई.”

सासूबाईंनी काठीच्या टोकानं एक खुंट हलवून बघितला. “पानं असतात तिथवरच कापायचं गं. खालच्या जुन्या लाकडातून ते फुटत नाही.”

“आणि आणखी एक सांगायचं होतं,” कात्री म्हणाली. “आम्ही…”

“आधी ती वीट उचल. हळू.”

कात्रीनं गवत बाजूला केलं. विटेखाली एक फांदी मातीत दाबलेली होती. तिचं एक टोक झुडपाला अजून धरून होतं आणि दुसरं गवतात, चांगली टवटवीत राखाडी हिरवी पानं घेऊन. माती बोटानं उकरली तर खाली पांढरी मुळं.

“अशी दाबून ठेवली की दुसरं झाड तयार होतं,” सासूबाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी केलं होतं. तुम्ही जागा बघायला लागलात तेव्हाच.”

“तुम्हाला ठाऊक होतं?”

“भिंती पातळ आहेत. आणि माझ्या लेकाला हळू बोलता येत नाही.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “वाईट वाटलं. वाटणारच. पण नव्या घरात काही तरी इथलं असावं म्हटलं.”

कात्री तिथंच मातीत बसली आणि रडली, पदराआड वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन. मग नाक पुसून म्हणाली, “आता हे एकच उरलंय. इथेच राहू दे. मी पाणी घालायला येत जाईन.”

“त्याला पाणी लागत नाही, किती वेळा सांगू.” सासूबाई दाराला टेकल्या. “मला चहा लागतो. त्यासाठी ये.”

मेलेल्या झुडपापासून नवं झाड सुटं करायला कात्री उठून आतून कात्री घेऊन आली. जुन्या झुडपाला धरलेल्या फांदीवर तिनं पातं नुसतं टेकवलं आणि मान वर केली.

“आई, कुठे कापू?”