खरा खुळखुळा

"आजोबा, हा तुमचा नाही," टिचकी म्हणाली, आणि आजोबांच्या काळजात चर्र झालं.

टिचकी म्हणजे त्यांची नात, वय वर्षं सात. तिला जन्मापासून दिसत नाही. हाती येईल त्या वस्तूवर नखानं टिचकी मारून तिचा आवाज ऐकायची तिला भारी खोड. कपबशी म्हणू नका, दाराची कडी म्हणू नका, पाहुण्यांचा चष्मा म्हणू नका. म्हणून आजोबांनीच हे नाव ठेवलेलं, आणि ते असं चिकटलं की शाळेच्या बाईसुद्धा आता तिला त्याच नावानं हाक मारतात.

दोघं उभी होती संग्रहालयाच्या नव्या दालनात. तीन आठवड्यांपूर्वीच ते उघडलं होतं. इथे 'हात लावू नका' अशी एकही पाटी नाही. उलट जमिनीवर उंचवट्याच्या पट्ट्या टाकलेल्या, पायाला लागतील आणि वाट दाखवतील अशा. टेबलं इतक्या उंचीची, की चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचे गुडघे खाली सहज शिरावेत. प्रत्येक वस्तूशेजारी ब्रेलमधली पाटी आणि कानाला लावायचं यंत्र. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांची भांडी उचलून बघा, त्यांच्या जात्यावर दाणे भरडा, ओल्या मातीवर त्यांचे शिक्के उमटवा, कुणी रागावणार नाही. कारण टेबलावरचं सगळं नकली. खरं ते सगळं मधल्या काचेच्या कपाटात.

आणि ते सगळं नकली आजोबांनी केलेलं. अठ्ठावीस वर्षं ते या संग्रहालयाच्या कार्यशाळेत साचे काढत होते. त्यांची नक्कल अस्सलच्या शेजारी ठेवली तर भलेभले चकत. वजनसुद्धा ते भुकटी मिसळून अगदी तोळामासा जुळवत. फक्त प्रत्येक नकलेच्या तळाला, मिश्रण आळायच्या आत, ते आपला अंगठा दाबत. तेवढी एकच खूण.

टिचकीच्या हातात होता तो मातीचा खुळखुळा. पोट फुगवून बसलेल्या गुबगुबीत पक्ष्याचा, तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा पोराचा. त्याची पहिली, जरा फसलेली नक्कल आजोबांनी घरी आणून टिचकीला दिली होती. ती उशाशी घेऊन ती झोपायची. त्या पक्ष्याचं तिला तोंडपाठ नव्हतं असं काही नव्हतं.

"माझाच आहे गं," आजोबा हसल्यासारखं करत म्हणाले. "घरातला जरा बिघडलेला आहे ना, म्हणून वेगळा वाटतो."

टिचकीनं पक्षी कानाशी नेऊन हलवला. मग पोटावर नखानं टिचकी मारली. "घरातला ठक् करतो. हा टण् करतो. आणि खाली तुमचा अंगठा नाहीये. बघा की."

बघा की, म्हणे! बघता येत असतं तर ही वेळच आली नसती.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय, तो काही भरून यायचा नाही. कडेचं दिसेल, मधोमध मात्र धुरकट डाग. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, चेहरा नाही. आजोबांनी ते कुणालाही सांगितलं नाही. संग्रहालयात सांगितलं तर कार्यशाळा गेली, आणि कार्यशाळा गेली तर सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. लेकीला सांगावं तर ती म्हणणार, एका घरात दोघांना कसं सांभाळू मी, बाबा? म्हणून ते मूग गिळून गप्प बसले. हाताला सवय होती, बोटांना सगळं ठाऊक होतं, आणि डोळ्यांत तेल घालून काम करणारा माणूस म्हणून नाव होतं. कोण कशाला शंका घेतंय!

त्यांनी टिचकीच्या हाताखालून बोट सरकवलं. पक्ष्याचा तळ खरखरीत, सपाट. अंगठ्याची खळगी नव्हती. पुन्हा फिरवलं. नव्हती.



कधी झालं असेल, हे आठवायला वेळ लागला नाही. दालन उघडायच्या आदल्या दिवशी दोन्ही पक्षी टेबलावर शेजारी शेजारी होते. अस्सल वस्तू हाताळायची तर रबरी हातमोजे घालायचे, हा नियम. आजोबांनी त्या दिवशी हातमोजे घालूनच दोन्ही पुसले, उचलले, ठेवले. हातमोज्यातल्या अंगठ्याला खळगी कुठून लागणार? संग्रहपाल बाई दोन खोकी घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं होतं, "काका, खरा कुठला?" आणि आजोबांनी एका पक्ष्यावर बोट ठेवलं होतं. जरासुद्धा न अडखळता. अठ्ठावीस वर्षांत त्यांचा शब्द कुणी तपासून पाहिला नव्हता, बाईंनीही पाहिला नाही. दोन्ही पक्षी आपापल्या खोक्यात गेले. म्हणजे चुकीच्या.

तीन आठवडे! तीन आठवडे पोरंटोरं तीन हजार वर्षांची माती खुळखुळवत होती. फुटली नाही हेच नवल. आणि तिकडे काचेच्या कपाटात, मखमलीवर, खास दिव्याखाली, आजोबांची नक्कल ऐटीत बसली होती.

"हा खरावाला आहे का?" टिचकीनं विचारलं. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत.

"हळू बोल!"

"का?"

"हळू बोल म्हटलं ना!" आजोबा तिच्यावर कधी खेकसत नसत. तिनं मान खाली घातली आणि पक्षी छातीशी धरला.

आजोबांचं डोकं भराभर चालू लागलं. उद्या सोमवार, संग्रहालय बंद. कार्यशाळेची चावी आपल्याकडे, कपाटाची चावी मागितली तर मिळते, पुसायचंय म्हणून सांगायचं. दहा मिनिटांचं काम. हा तिकडे, तो इकडे. कुणाला कानोकान खबर लागणार नाही. फक्त आजचा दिवस निभावला पाहिजे.

तेवढ्यात दालनाच्या दारात कलकलाट झाला. शाळेची सहल. पन्नास-साठ पोरं असावीत. आजोबांना नुसती रंगीत गर्दी हलताना दिसली. दालनात मदतीला असलेल्या स्वयंसेवक बाई पुढे झाल्या. निवृत्त मुख्याध्यापिका त्या, आवाजात अजून घंटा वाजायची. "एका टेबलाशी दहा जण! रांग मोडायची नाही! आणि घाबरायचं नाही, सगळं बिनधास्त उचलायचं, वाजवायचं, आपटलं तरी चालेल!"

आपटलं तरी चालेल. आजोबांची पाचावर धारण बसली.

"टिचके, तो सोडू नकोस," ते कुजबुजले. "घट्ट धर. घट्ट म्हणजे दाबू नकोस. नुसता धर."

"किती वेळ?"

संग्रहालय बंद होईपर्यंत? संध्याकाळी पाचपर्यंत? ते तिच्या मागे असे उभे राहिले, की दोन्ही बाजूंनी कुणाचा हात येऊ नये. रांग टेबलाशी येऊन थांबली. पहिल्या नंबरची पोरगी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती. तिच्या मागचा म्हणाला, "मी डोक्यावर ठेवून वाजवणार." त्याच्या मागचा म्हणाला, "मी झेलणार."

"अगं, झालं का तुझं?" पहिलीनं विचारलं.

"नाही," टिचकी म्हणाली.

एक मिनिट गेलं, दोन गेली. रांग शेपटाकडून ढकलू लागली आणि टेबलाला धक्का बसला. टिचकीचं कोपर कुणाच्या तरी दप्तराला लागलं, पक्षी आत खुळखुळला.

स्वयंसेवक बाई आल्याच. खाली वाकून त्या मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळ, तुला खूप आवडला ना? पण आता दुसऱ्यांना द्यायचा हं. सगळ्यांचा आहे तो."

टिचकी हलली नाही. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तिला दिसत नाही म्हणून जास्त वेळ देतात." दुसरं कुणीतरी फिसकन हसलं. टिचकीचे कान लाल झाले. हे मात्र आजोबांना दिसलं. कानच तेवढे दिसायचे त्यांना.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "देऊ का?"

तिच्या तळहातावर पक्षी आणि समोर दहा पसरलेले हात. दे, म्हटलं की सुटलो. फुटायचा असता तर तीन आठवड्यांत फुटला असता, आणखी एक दिवस काय होतंय? आणि फुटलाच तर नक्कल फुटली म्हणून झाडून घेतील, नवी करा म्हणतील. कुणालाही, कधीही कळणार नाही. पण या पोरीला कळेल. तिला आताच कळलं होतं. तिनं सांगितलं होतं आणि आपण तिला गप्प बसवलं होतं, आणि आता तीच आपल्यासाठी टोमणे खात उभी होती. आजोबांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"देऊ नकोस," ते म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कुणी हात लावू नका. हा खरा आहे."

बाईंना वाटलं म्हातारबुवा नातीची बाजू सावरताहेत. "अहो आजोबा, खरे सगळे तिकडे काचेत—"

"काचेत आहे तो मी केलाय. हा खरा. अदलाबदल माझ्या हातून झालीय. संग्रहपाल बाईंना बोलवा आणि पोरांना मागे घ्या. आधी पोरांना मागे घ्या!"

निवृत्त झाल्या तरी मुख्याध्यापिकाच त्या. आवाज ओळखला त्यांनी. "दोन पावलं मागे!" म्हणाल्या, आणि साठ पोरं दोन पावलं मागे गेली.

संग्रहपाल बाई धावतच आल्या. वय पस्तिशीचं, नोकरीला लागल्या तेव्हा साचा म्हणजे काय हे त्यांना आजोबांनीच शिकवलं होतं. "काका, चेष्टा करताय ना?" त्यांनी विचारलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली. बाईंनी हातमोजे चढवले, टिचकीच्या दोन्ही हातांखाली आपले हात धरले आणि म्हणाल्या, "सोड हं बाळ, अलगद." टिचकीनं एकेक बोट सोडलं. बाईंनी पक्षी उलटा करून तळ पाहिला. बराच वेळ पाहिला.

"एक टवका गेलाय शेपटीचा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता. "ताजा आहे."

"टिचकीनं नाही—"

"तिनं नाही, मला कळतंय." त्यांनी पक्षी रुमालात घेतला. "मी तुम्हाला विचारलं होतं, काका. खरा कुठला, म्हणून. तुम्ही बोट ठेवलंत. दोन हातांवर होता तो. तुम्हाला दिसलं कसं नाही?"

"नाही दिसलं."

"म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही मला. आठ महिने झाले. आत्ता तू रडतेयस का चिडलीयस, तेही दिसत नाहीये."

बाईंनी दालन बंद करायला सांगितलं. पोरं कुरकुरत बाहेर गेली. जाताना बाई थांबल्या आणि आजोबांकडे न बघता म्हणाल्या, "कार्यशाळेची चावी जाताना कार्यालयात ठेवा, काका." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आजोबा भिंतीलगतच्या बाकावर मटकन बसले. अठ्ठावीस वर्षं एका वाक्यात संपली होती, आणि ती संपवणारीचं काही चुकलं होतं असंही म्हणता येत नव्हतं. टिचकी पायानं पट्टी शोधत आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली.

"आजोबा, माझ्यामुळे झालं का?"

"नाही गं राणी. तुझ्यामुळे वाचला तो."

तिनं चाचपून त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "मग तुम्हाला मी दिसते का?"

खोटं बोलायचा आठ महिन्यांचा सराव होता. ओठावर आलंसुद्धा होतं.

"समोर उभी राहिलीस की नाही दिसत," ते म्हणाले. "जरा बाजूला असलीस की दिसतेस. थोडी थोडी."

टिचकी त्यांच्या गुडघ्याला धरून एक पाऊल बाजूला सरकली. "इथे?"

"अजून थोडी."

"इथे?"

आजोबा समोरच्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिले, आणि डोळ्याच्या कडेला तिचा चेहरा हळूहळू उमटला. केस, गाल, उघडं तोंड. वरच्या ओळीत मधोमध एक काळी फट होती.

"अगं," ते म्हणाले, "तुझा पुढचा दात पडला? कधी?"

"सुट्टीतच पडला," टिचकी म्हणाली. "मी पहिला तुम्हालाच दाखवला होता. तुम्ही म्हणालात, वा, मस्त."