न्हाव्याचा खोकला

शिंपीकाकांना पाण्यावरचं बूच दिसत नाही, हे तळ्याकाठी एकट्या न्हाव्याला ठाऊक होतं. गळाच्या दोरीवर सरकणारं बूच आणि त्याला वर अडवायला दोऱ्याची गाठ. पाणी जेवढं खोल, तेवढी गाठ गळापासून लांब. ही गाठ काका नुसत्या बोटांनी चाचपून मारायचे आणि ती कुणाच्या बापाच्याने हलायची नाही. पण बूच बुडालं की झटका द्यायचा, आणि तिथेच घोडं अडायचं. म्हणून उजव्या हाताला बसलेला न्हावी खोकायचा. त्या बदल्यात काका त्याच्याही गाठी मारून द्यायचे.

आज डाव्या हाताला सूनबाई बसली होती. मुलाने तिला बजावून पाठवलं होतं, बाबांना दिसत नसेल तर आजपासून तळ्यावर जाणं बंद. बंद म्हणजे घरात बसून टीव्ही ऐकायचा.

न्हावी खोकला. काकांनी झटका दिला. गळ रिकामा. पुन्हा खोकला, पुन्हा झटका, पुन्हा रिकामा. मग न्हाव्याला चांगली ढासच लागली आणि काका काठी उपसतच राहिले.

"बाबा, बूच तर हललंसुद्धा नाही," सून म्हणाली.

"हल्लीचे मासे लबाड झालेत."

"काका, मला आज खरीच सर्दी झालीय हो," न्हावी कळवळून म्हणाला. झालं, झाकली मूठ उघडली. आपण काय बोलून बसलो हे कळल्यावर तो चहाच्या निमित्ताने उठला, तो गेलाच.

काकांनी गांडूळ लावून पुन्हा गळ टाकला, पण उगाच. घरी गेल्यावर सून काय सांगणार, तेवढं मात्र त्यांना स्वच्छ दिसत होतं. फार वाईट वाटलं त्यांना.

तेवढ्यात कोणीतरी खोकलं. सवयीने हात वर गेला. काठी वाकली, दोरी ताणली आणि पलीकडे जिवंत धडपड सुरू झाली.

मासा काठावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की खोकला डावीकडून आला होता.

"तुलाही सर्दी झाली का गं?" त्यांनी घाबरत विचारलं.

"झालीय," माशाच्या तोंडातून गळ सोडवत सून म्हणाली. "आता दर रविवारी होणार."