ठणठणीत बुवा

"घट्ट धरा, पण दाबू नका," प्राण्यांची डॉक्टर म्हणाली आणि तिने कापूस लावलेली काडी उचलली.

हातात रबरी मोजे होते, तरी लेकीने पाळलेल्या सरड्याचं पोट तळव्याला लागलं तसा आईच्या अंगावर काटा आला. लेकीने मात्र शेजारून वाकून त्याच्याशी काहीतरी पुटपुटत त्याला शांत केलं. गळ्याखाली काटेरी दाढी, म्हणून लेकीने त्याचं नाव बुवा ठेवलं होतं. बुवाने एक डोळा मिटला आणि तपासणी निमूटपणे करून घेतली.

"तब्येत उत्तम आहे याची," डॉक्टर म्हणाली.

"मग याच्यात जंतू कसे असतील?"

"असतात. त्याच्या आतड्यात ते सुखाने नांदतात, त्याला त्यांचा त्रास नाही. त्रास होतो तो माणसाला. त्यातून ज्याची प्रतिकारशक्ती कमी, त्याला फार."

तिच्या नवऱ्याची प्रतिकारशक्ती तर औषधं देऊन मुद्दामच कमी केली होती, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून. किडनी रुळली, तो घरी आला, आणि सगळं सुरळीत होतंय म्हणेस्तोवर तापाने फणफणला. रक्तात जंतू सापडले. एक औषध दिलं, लागू पडलं नाही. दुसरं दिलं, तेही नाही. तेव्हा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात एखादा प्राणी आहे का?"

निकाल येईपर्यंत बुवाला दवाखान्यातच ठेवलं. गाडीत लेक मागच्या सीटवर बसली.

"मी दर वेळी साबणाने हात धुते, आई."

"एखाद्या वेळी राहिलं असेल."

"नाही राहिलं."

तिने आरसा किंचित वळवला. लेक खिडकीबाहेर बघत होती.

निकालाचा फोन आला तेव्हा ती कामावर, चष्म्याची काच घासत होती. बुवाचे आणि नवऱ्याच्या रक्तातले जंतू एकच निघाले होते, नेहमीच्या औषधांना तसेच न जुमानणारे. बुवाला औषध देऊन उपयोग नव्हता. जंतू पुरते मरायचे नाहीत, उलट आणखी निर्ढावायचे. सध्या त्याला दवाखान्यातच ठेवून घेते, असं डॉक्टर म्हणाली. फोन ठेवून ती पुन्हा काच घासायच्या चाकाशी बसली आणि काच हवी त्याहून पातळ घासून बसली.

घरी आल्यावर तिचा तोल गेला. "तुझ्या हौसेपायी तुझ्या बाबांवर जिवाला मुकायची वेळ आलीय," ती म्हणाली. लेकीने खाली मान घातली. उलट उत्तर नाही, रडणं नाही. बुवाची रिकामी पेटी मात्र तिने स्वतःच पुसून गॅलरीत नेऊन ठेवली.

तिसऱ्या औषधावर सगळी मदार होती. संध्याकाळी ती मास्क लावून हॉस्पिटलमध्ये नवऱ्याच्या खोलीत शिरली आणि सवयीने दाराशीच उभी राहिली. त्याचे ओठ सुकले होते, पण नजर स्थिर झाली होती. तिने बुवाचं सांगितलं.

"पोरीला काही बोलली नाहीस ना?"

"बोलले."



"तिची चूक नाही," तो म्हणाला. "दुपारी तुम्ही दोघी बाहेर असायचात तेव्हा मीच त्याला पेटीतून काढायचो. छातीवर घेऊन पडायचो."

"डॉक्टरांनी इतकं बजावलं होतं तुला."

"हो."

"मग?"

"घरी आल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता गं. तुमचंही बरोबरच होतं, मला जपतच होतात तुम्ही. पण तो आपला सरळ चढून यायचा आणि पडून राहायचा. ऊब मिळायची म्हणून येत असेल. मला बरं वाटायचं."

तिने मास्क नीट केला, तो नीटच होता, आणि नर्स आत येताच ती बाहेर पडली.

बाहेर बाकावर लेक शाळेच्या कपड्यांतच बसली होती. ती तिच्या शेजारी टेकली.

"बाबाच काढायचे बुवाला," ती म्हणाली. "आत्ता सांगितलं त्यांनी."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"एकदा शाळा लवकर सुटली होती. दारातून पाहिलं मी."

"आणि मी इतकं बोलले, तरी गप्प राहिलीस?"



"तेव्हाच सांगायला हवं होतं मी, कळतं मला," लेक म्हणाली. "पण बाबा त्याच्याशी बोलत होते, आई. हसत होते."

दार उघडून नर्स बाहेर आली. "आज पहिल्यांदा ताप उतरलाय. उद्याचं रक्त तपासल्यावर काय ते कळेल, पण उतरलाय. एकीला थोडा वेळ आत बसता येईल. हात धुऊन, मास्क लावून."

ती उठली, आणि उभ्या उभ्याच लेकीकडे वळली.

"तू जा," ती म्हणाली. "आणि लांब उभी राहू नकोस. खुर्ची पलंगाशी ओढून घे."