कॉलरची गोलाई

शिलाई मशीनचं पायडल दाबलं आणि मास्तर कळवळले. उजव्या अंगठ्यातली कळ पार मांडीपर्यंत गेली, शिवण वाकडी झाली. सुनेने ते पाहिलं आणि त्यांचं काही एक न ऐकता त्यांना दवाखान्यात नेलं. एवढ्याशा नखासाठी काय वरात काढायची, असं मास्तर वाटभर पुटपुटत होते.

डॉक्टरीणबाईंनी बोट बधिर करून मांसात रुतलेली कड काढली. मग नखं कोण कापतं, असं विचारलं.

"मीच. कोपरे खोल आणि गोल, कॉलरला देतो तशी गोलाई. टोक ठेवलं की टोचतं."

"कापड वाढत नाही, काका, नख वाढतं. कोपरा खोल कापला की ते मांसात शिरतं. सरळ कापायचं."

जखम भरेपर्यंत मशीनला पाय लावायचा नाही, असंही त्यांनी बजावलं. मास्तरांचा चेहरा उतरला. बायको गेल्यापासून घर खायला उठायचं. मशीनची घरघर होती म्हणून दिवस कसेबसे ढकलले जात होते.

आणि नखं सरळ तर बायकोच कापायची. मास्तरांची कंबर धरली तेव्हापासून नखांचं काम तिच्याकडे होतं. "नख कापतेस की फळी? गोलाई काही तुला जमायची नाही," असं ते दरवेळी चिडवायचे. ती "बरं" म्हणायची आणि तशीच कापायची. ती गेल्यावर मास्तरांनी स्वतःच नेलकटर हातात घेतलं. धापा टाकत अंगठे गाठले, पण करंगळीपर्यंत हात काही पोचला नाही.

घरी आल्यावर सुनेने त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला.

"आई मला म्हणाल्या होत्या, बाबांना गोल हवीत, पण मी देत नाही. रुततात."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही ऐकलं असतं?"

मास्तर कसनुसे हसले. त्यांना फार थकल्यासारखं वाटलं. तिची आठवण दाटून आली.

सून एकेक बोट करत करंगळीशी आली. मास्तरांनी पाय मागे ओढला.

"तेवढं राहू दे."

सुनेने वाकून पाहिलं. नख वाढलं होतं, पण त्याची कड अजून सरळ होती. तिने नेलकटर मिटून बाजूला ठेवलं.