मधलं बटण

बिराप्पासारखा ओवी गाणारा जतपासून कवठ्यापर्यंत दुसरा नाही, असं लोक म्हणत. त्याची बायको भामाबाई ते मान हलवून ऐकून घेई. खरं सांगायचं तर जत्रेत नवऱ्याची अख्खी ओवी तिनं कधी ऐकलीच नव्हती. पुरुष ढोलाभोवती रिंगण धरून बसत आणि बायका पार मागं, बाभळींच्या सावलीला. तिथवर ढोल पोचायचा, शब्द पोचत नसत. पुढं कर्णे आले तेव्हा वाटलं, आता तरी कळेल. पण कर्ण्यांनी ढोलच दुप्पट केला.

तिचा थोरला धुळा सिग्नल पलटणीत होता. शहात्तर साली तो पेन्शनीवर आला. आता हा मेंढरं वळणार, असं भावकीनं धरलं होतं. यानं मिरजेत रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्या साली जत्रेला येताना त्यानं स्वतः जोडलेल्या दोन लोखंडी पेट्या आणल्या. प्रत्येकीवर वर-खाली सरकणारी पाच-पाच बटणं.

"ह्ये काय रं?" भामाबाईनं विचारलं.

"इक्वलायझर, आये. आवाजाचं भाग पाडतंय. जाड येगळा, मधला येगळा, बारीक येगळा. पायजे त्यो वाढवायचा, नगं त्यो दाबायचा. एक पेटी आबाच्या माईकला, एक ढोलाच्या."

"म्हंजी कळपातनं मेंढरं येगळी काढल्यागत?"

"व्हय, तसंच की!"

दुपार कलल्यावर ढोल घुमू लागला. बिराप्पानं कानावर हात ठेवून देवाला साद घातली आणि धुळानं बापाच्या पेटीचं बारीक आवाजाचं बटण वर नेलं. तशी कर्ण्यांनी अशी काही शीळ घातली, की माणसांनी कानांत बोटं घातली.

"काय माकडाचा खेळ लावलाय ह्यो?" ढोलवाला अर्जुना ओरडला. "काढ त्यो खोका!"

बिराप्पानं गाणं थांबवलं. त्यानं माईक हातानं बाजूला सारला. धुळाची मान खाली गेली.

हे मागून बघणारी भामाबाई उठली. रिंगणात बायका जात नसत. तिनं पदर कमरेला खोचला आणि माणसांतून वाट काढत थेट धुळाच्या पेट्यांपाशी गेली.

"धुळा, तू हितं म्होरं बसून ऐकतुयास. हितनं काय कळायचं? मी मागं हुबी ऱ्हाते. तू बटनं सरकीव. नीट आलं की मी हात करते."

मग ती नवऱ्याकडं वळली. "आवं, आजून एकडाव गा की."

बिराप्पानं तिच्याकडं बघितलं आणि माईक परत पुढं ओढला.

ती बाभळीखाली जाऊन उभी राहिली. धुळानं बापाचा बारीक आवाज कमी केला. शीळ गेली, पण घोंगडं पांघरून गायल्यासारखं यायला लागलं. तिनं मान हलवली. धुळानं सगळा ढोलच खाली नेला. आता शब्द आले, पण ओवीचे पायच मोडले. अर्जुनानं डोळे वटारले. भामाबाईनं पुन्हा मान हलवली.

मग धुळानं बापाच्या पेटीची सगळी बटणं एका रेषेत आणली आणि हात काढून घेतला. ढोल पहिल्यासारखा वर आणला आणि त्याच्या पेटीचं फक्त मधलं बटण हळूहळू खाली नेलं. ढोलाचा खालचा दणका तसाच राहिला, वरचा टिपरीचा टणत्कार तसाच राहिला, मधला गलका मात्र ओसरला. आणि त्या मोकळ्या जागेतून बिराप्पाचा गळा आला. त्याचाच, पहाटे मेंढरांना हाक मारतो तो, थोडा खरखरीत. एकेक शब्द सुटा.

भामाबाई हात करायचंच विसरली.

"अगं, हात कर की!" शेजारची अंबूबाई म्हणाली.

तिनं दोन्ही हात वर केले.

मागच्या बायकांची कुजबुज थांबली. लेकरांना गप्प करून त्या देवाची कथा ऐकू लागल्या. शेजारच्या गावचा एक म्हातारा मागंच टेकला होता. त्यानं विचारलं, "मशीनवर कोन हाय?"

"माजा ल्योक," भामाबाई म्हणाली. "गात्यात ते मालक." मग तिनं छाती पुढं काढली. "आन कान माजं."

ओवी संपल्यावर अर्जुनानंच धुळाच्या पाठीवर थाप मारली. "गड्या, माजा ढोल कवा इतका गोड वाजला न्हवता." बिराप्पा घाम पुसत बायकोपाशी आला.

"मागं ऐकू आलं का?"

"समदं आलं. पर आवं, देवाचं घोडं पयलं पांढरं हुतं, लढाईत काळं कसं झालं?"

बिराप्पानं डोकं खाजवलं. "इतकी वरसं कुनी इचारलं न्हाई," तो पुटपुटला.

"इतकी वरसं आमाला ऐकू कुटं येत हुतं?"

अर्जुना खो खो हसला, मग बिराप्पाही. हसता हसता त्यानं धुळाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पेट्या दरसाल आनायच्या. आन आदी तुज्या आयला मागं हुबी करायची. तिनं हात केल्याबिगार मी त्वांड उघडत न्हाई."