मोनाचा कप्पा

मित्रांनो, चंची म्हणजे काय, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे. कापडाची, कप्प्याकप्प्यांची, दोरीने गुंडाळून कमरेला खोचायची एक पिशवी असते. मी तीच. आक्काच्या लग्नात चोळीचा खण थोडा उरला होता, त्यातून तिच्या आईने मला शिवले. हिरवा रंग, लाल काठ आणि पोटात तीन कप्पे. पहिल्यात पानसुपारी, दुसऱ्यात रोजचे सुटे पैसे. तिसरा आतला कप्पा बरीच वर्षे रिकामाच होता. मोना जन्मली आणि आक्काने त्यात पहिली दहाची नोट सरकवली. तेव्हापासून तो मोनाचा कप्पा.

आक्का कुरुंदवाडची. रोज सकाळी पूल ओलांडून ती नृसिंहवाडीला चालत जायची. तिथल्या एका पेढ्याच्या दुकानामागच्या अंगणात ती बासुंदीच्या कढया घासायची. आधी राखेने आणि काथ्याने, पुढे तारेच्या चोथ्याने आणि पावडरीने. कढईला दूध करपून घट्ट बसले, की ती खरवडताना तिचे सारे अंग हलायचे आणि कमरेला मीही हलायचे. मोना तीन वर्षांची असताना तिचा नवरा ज्ञानू तापाने गेला. तेराव्यानंतरच्या सोमवारी आक्का पुन्हा कढयांपुढे बसली होती.

आक्काचे बँकेत खाते नव्हते. लोकांना वाटायचे, बाई अडाणी आहे, बँकेला भिते. तसे नव्हते. ती तीनदा गेली होती, मी तिन्ही वेळा बरोबर होते. तिथल्या साहेबाने एक छोटे यंत्र पुढे केले. आक्काने अंगठा ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा. लाल दिवा. मग एकेक बोट.

"रेघाच नाहीत हो बोटांना," साहेब म्हणाला. "आठवडाभर तेल लावा आणि या."

आठ दिवस आक्काने खोबरेल चोळले. पण दिवसा कढया होत्याच. पुन्हा लाल दिवा. तिसऱ्या वेळी मागून कुणीतरी ओरडले, "मावशी, सरका की वो जरा! कामं हाईत आमाला!" आक्का सरकली. मोनाच्या नावाने खाते काढावे तर ती लहान, आईचाच अंगठा हवा. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडत होती. चौथ्यांदा ती गेली नाही.

मग कसे भागायचे? मित्रांनो, भागवणारी माणसे भागवतात. दुकानाच्या मालकीणबाईंना सगळे माई म्हणत. आक्का मजुरीतला थोडा भाग त्यांच्याकडेच ठेवायची. माई तो पेढ्याच्या एका रिकाम्या खोक्यात ठेवत आणि वर आक्काचे नाव लिहीत. सणाला खोके तसेच्या तसे हातात देत. गल्लीतल्या दहाजणींची भिशी होती. आक्काच्या नंबरात मोनाची अकरावीची पुस्तके आली. एका वर्षी जास्त काम मिळाले तेव्हा आक्काने पायात चांदीचे तोडे घेतले. हौस म्हणून नाही, अडीनडीला मोडता येतात म्हणून. आणि बाकीचे सगळे माझ्यावर.

मला तेव्हा मान होता. मोना अभ्यास करता करता मला हातात घेऊन आतला कप्पा चाचपायची आणि म्हणायची, "आये, फुगाय लागलाय गं!" तिला नर्स व्हायचे होते. ज्ञानू दवाखान्यात होता, तेव्हा एका नर्सने तिला मांडीवर घेऊन बिस्कीट दिले होते. त्या वयातले तेवढेच तिला आठवायचे.

मग महापूर आला. घरात छातीएवढे पाणी. शाळेतल्या छावणीत आठ दिवस आक्काने मला कमरेवरून काढले नाही. घरी परतल्यावर तिने ओल्या, चिकटलेल्या नोटा एकेक करून सोडवल्या आणि तव्यावर वाळवल्या. चार फाटल्या. त्या दिवसापासून तिचा माझ्यावरचा विश्वास उडाला. मला वाईट वाटले, पण तिचे चुकत नव्हते. मी कापडाची आहे.

त्यानंतर माई वारल्या. दुकान त्यांचा मुलगा दत्तप्रसाद बघू लागला. माणूस सज्जन. पण तो म्हणाला, "आक्का, आता रोख पगार देता येत नाही. सगळ्यांचा खात्यावरच जातो. घरातल्या कुणाचा तरी नंबर द्या."

घरात कोण होते? आक्काने पुतण्याचा नंबर दिला. पिराजी, ज्ञानूच्या थोरल्या भावाचा मुलगा. तो टेम्पो चालवायचा. हाकेला धावून येणारा पोरगा. दर महिन्याला पैसे काढून आणायचा आणि घरखर्चापुरते आक्काच्या हातात ठेवायचा. "आनि ऱ्हायल्यालं, काकू?" तो विचारायचा.

"ऱ्हाऊ दे तुझ्यापाशीच. खात्यात पानी शिरत न्हाय," आक्का म्हणायची.

असे चौदा महिने गेले. माझा आतला कप्पा चपटा झाला होता. मोनाला बारावीत चांगले मार्क पडले आणि कोल्हापूरच्या एका नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचे नाव लागले. शनिवारपर्यंत पंचेचाळीस हजार भरायचे होते. पिराजीच्या खात्यात आक्काचे छप्पन्न हजार साठले होते. मंगळवारी आक्काने त्याला निरोप धाडला. कॉलेजला घालायला मोनासाठी शेजारणीची नवी चप्पलसुद्धा मागून ठेवली.

पिराजी बुधवारी आला. दारातच उभा राहिला. आक्काने पाट टाकला, तरी बसेना.

"काकू, पैसं न्हाईत."

"न्हाईत म्हंजी?"

"टेम्पोचं हप्तं थकलंतं. चार म्हैनं भाडंच न्हवतं. बँकेनं आपसूकच कापून घेतलं. म्या हात लावला न्हाय गं, आईशपत."

"आरं, पन ते माझं हुतं न्हवं?"

"खातं एकच की, काकू. बँकेला काय कळतंय, तुजं कुठलं आन् माजं कुठलं?" एवढे बोलून तो दाराच्या चौकटीला डोके लावून रडू लागला. सात हजार उरले होते, ते त्याने आणले होते.

 आक्काने चहा टाकला आणि पिराजीला कप दिला. मग मला कमरेला खोचून बाहेर पडली. दत्तप्रसादने दहा हजार उचल दिली. भिशीचा नंबर दुसऱ्या बाईचा होता, ती म्हणाली, "घे आक्का, माजं बघू म्होरं." शुक्रवारी तोडे मोडले. त्यांचे इतक्या वर्षांचे पांढरे वळ आक्काच्या घोट्यांवर तसेच राहिले. शनिवारी दुपारपर्यंत सहा हजार कमी पडत होते. ते रविवारी संध्याकाळी पिराजीने आणून दिले. टेम्पोची स्टेपनी आणि टेप विकला होता.

सोमवारी पहिल्या एसटीने मायलेकी कोल्हापूरला निघाल्या. मित्रांनो, त्या दिवशी मी इतकी भरलेली होते, की दोरीचा वेढा पुरत नव्हता. आक्काने वरून पदर घट्ट बांधला होता. कॉलेजच्या खिडकीपाशी तिने मला सोडले आणि नोटा पुढे केल्या.

खिडकीतल्या बाईंनी यादी बघितली. "शनिवारी पाचला मुदत संपली. जागा पुढच्या नावाला दिली. त्या मुलीने फी भरली पण."

"बाई, पैसं हाईत की. सगळं हाईत. मोजा."

"आजी, पैशांचा प्रश्न नाही आता."

आक्का नोटा तशाच धरून उभी राहिली. शेवटी मोनानेच त्या घेतल्या, नीट घडी घालून माझ्यात ठेवल्या आणि दोरी बांधली. "चल आये," ती म्हणाली. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती आणि आक्का तिच्याकडे.  दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याला पैसे परत गेले. तोडे मात्र वितळले होते.

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा, असे मोना म्हणत होती. पण भाऊबंद बोलू लागले, पोरगी घरात बसून आहे. बिद्रीचे स्थळ आले. मुलगा साखर कारखान्यात हंगामी कामाला, स्वभावाने गरीब. फाल्गुनात मोनाचे लग्न झाले. आक्काने लग्नात कुणाला रडून दाखवले नाही. घरी येऊन तिने मोनाची पुस्तके एका पोत्यात भरली आणि पोत्याचे तोंड शिवून टाकले.

इकडे दत्तप्रसाद सगळ्या प्रकाराने ओशाळला होता. तो आक्काला घेऊन स्वतः बँकेत गेला. मैथिली नावाच्या तरुण मॅडम तिथे नव्याने आल्या होत्या. यंत्रावर पुन्हा लाल दिवा लागला. आक्का उठू लागली.

"थांबा, आजी," मैथिली मॅडम म्हणाल्या. "बोटं उमटत नसली, तर डोळ्यांवरून होतं." त्यांनी दुर्बिणीसारखे एक यंत्र आक्काच्या डोळ्यांना लावले. दिवा हिरवा झाला. "झालं! याआधी कधीच विचारलं नाही का तुम्ही?"

"इचारायचं असतंय, ह्येच ठावं न्हवतं, बाई," आक्का म्हणाली.

मॅडम अर्ज भरू लागल्या. "वारस म्हणून कुणाचं नाव लावू?"

"मोना. माजी लेक."

"काय करते मुलगी?" त्यांनी सहज, मान वर न करता विचारले.

आक्काचा हात माझ्यावर आला. तिने मला मुठीत इतके आवळले, की माझी एक शिवण उसवली.

"नर्स हाय," आक्का म्हणाली. "कोल्हापुरात. मोठ्या दवाखान्यात."

"अरे वा!" मॅडम हसल्या. दत्तप्रसाद खिडकीबाहेर बघू लागला.

पासबुक आले आणि माझे काम संपले. आता मी चुलीमागच्या खुंटीला असते. धुराने माझा हिरवा रंग काळवंडला आहे. त्याचे मला काही नाही. मला जपा, असे मी म्हणणार नाही. पण मित्रांनो, तुम्ही शिकाल, मोठे व्हाल, तुमच्यातले कुणी अशा खिडकीच्या आतही बसेल. बाहेर एखादे माणूस हातातला कागद उलटसुलट करत उभे दिसले, तर त्याने विचारायची वाट बघू नका. आपण होऊन सांगा. तो मार्ग त्याच्यासाठी पहिल्यापासूनच उघडा असतो, फक्त त्याला कुणी दाखवलेला नसतो.

मोना दिवाळीला येणार आहे. आक्काने तिला पासबुकाबद्दल अजून सांगितलेले नाही.