दर उतरेपर्यंत थांबा

आमच्या गल्लीत सात घरं, आणि प्रत्येकाच्या तळघरात तेलाची टाकी. घर गरम ठेवायचं तेल आम्ही सगळे मिळून मागवतो. टँकर एकदाच येतो, भाव कमी लागतो. कधी मागवायचं हे मी ठरवतो. जर्मनीत जवळजवळ सगळं तेल बाहेरून येतं, आणि ते कुठे अडलंय हे मी रोज बातम्यांत बघतो. एवढ्या भांडवलावर गल्लीने मला तज्ज्ञ केलं. मीही हरकत घेतली नाही.

त्या वर्षी मी सांगितलं, थांबा, आखातात अडकलेली जहाजं सुटली की दर पडेल. जहाजं सुटली, दर चढला. मग मी सगळ्यांना कझाकस्तानकडे लक्ष ठेवायला सांगितलं, आमचं तेल तिथूनही येतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी बायको इर्मट्राउट एवढंच म्हणाली, की रविवारी तिचा साठावा वाढदिवस आहे, आणि बहिणींना कोट घालून केक खावा लागला तर ती मलाच कझाकस्तानला पाठवेल.

शनिवारी सकाळी आमची टाकी कोरडी पडली. मी बाहेर आलो, तर शेजारच्या गोटलोबच्या खिडक्या सताड उघड्या. सकाळी घरात हवा खेळवायची आमच्याकडे रीतच आहे, पण आतल्या उबेने माझा चष्मा धुरकटला.

"अरे, तुझंही तेल संपत आलं होतं ना?"

गोटलोब खिडकीची चौकट पुसत राहिला. "भरलं. तू इर्मट्राउटला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होतास ना, तेव्हा. सगळ्यांनीच भरलं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मी तेलवाल्याला फोन केला. बुधवारी येतो म्हणाला.

वाढदिवस गोटलोबकडे झाला. इर्मट्राउट केक घेऊन पुढे, मी खुर्च्या घेऊन मागे. देश परक्या तेलावर, मी परक्या उबेवर. मेहुण्या बिनकोटाच्या बसल्या होत्या आणि इर्मट्राउट मनापासून हसत होती. आमच्या घरी ती इतकी हसत नाही.

केक संपल्यावर गोटलोबने विचारलं, "पुढच्या खेपेला कधी मागवायचं रे?"

मी गप्प बसणार होतो. पण खोली गरम होती आणि सकाळच्या बातम्या मी ऐकल्या होत्या. "जूनपर्यंत थांबा," मी म्हटलं.

गोटलोब बायकोकडे वळला. "वाल्ट्राउट, उद्याच फोन कर. मार्चमध्येच टँकर पाठव म्हणावं."

"आमचंही त्यातच सांग गं," इर्मट्राउट म्हणाली.